छातीवरचा हात

सोमवार उजाडला की आमच्या मठामागं लोकं माती न्यायला येत्यात. कुणी कागदाच्या पुडीत नेतंय, कुणी पदराच्या गाठीत, एकानं तर दुधाची बरणी भरून नेली. माझ्या नवऱ्याच्या समाधीची माती. पाण्यात कालवून अंगाला लावली की म्हणं खपल्या जात्यात, खाज जाती, अंग गुळगुळीत होतंय. आन् मी तिथंच पायरीवर बसून एकेकाला शिव्या देते. देते म्हणजे देते. मला लाज वाटत न्हाई. लाज ह्या गावाला वाटाय पायजे. तो माणूस जिता असताना त्याच्या हातचं घोटभर पाणी कुणी पिलं न्हाई.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. बंडेप्पा. हळ्ळीखेडचा बंडेप्पा, मठाच्या दासोहात हुग्गी करणारा. दासोह म्हणजे मठातलं अन्नदान, जो येईल त्यानं जेवून जायचं. आन् हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर. गहू भिजवायचा, कांडायचा, कोंडा पाखडायचा, मोठ्या कढईत मऊ गिरगट शिजवायचा, मंग गूळ, खोबरं, खसखस. सांगायला सोपं हाय. चार पोती गहू कढईत घालून बुडाला लागू न देता हलवून दाखवा, मंग बोला. माझा नवरा पुरुषभर उंचीचं लाकडी उलथणं घेऊन कढईपुढं उभा राहिला की गावातली पोरं बघत बसायची. शेत होतं, बैलं होती, पण त्याचा जीव त्या कढईत. पंगतीत कुणी दुसऱ्यांदा हुग्गी मागितली की ह्याचं पोट भरायचं. असला येडा माणूस.

मंग ते अंगावर आलं. आधी कोपरावर, रुपयाएवढा लाल डाग, त्याच्यावर पांढऱ्या खपल्या. मंग गुडघ्यावर. मंग डोक्यात, केसांच्या कडंला. खाजवलं की खपल्या गळायच्या, अंथरुणावर, सदऱ्याच्या कॉलरवर. सकाळी मी गोधडी झटकायला अंगणात आले की शेजारची शरणम्मा धाडकन दार लावून घ्यायची. जसं काय मी तिच्या घरात पेटता इस्तू टाकायलेय! एकदा मी तसंच दारापुढं उभं राहून म्हणाले, "शरणम्मा, बाहेर ये. तुझ्या बाळंतपणात माझ्याच नवऱ्यानं केलेली हुग्गी वाटी वाटी वरपलीस. तवा बरी गोड लागली." ती काय बाहेर आली न्हाई. आतूनच म्हणाली, "अक्का, लहान लेकरं हायेत घरात."

कुणी कोड म्हणालं, कुणी महारोग म्हणालं, कुणी म्हणालं मागल्या जन्मी नाग मारला असंल. हात लावून बघितलं कुणी? कुणीच न्हाई. आन् सगळ्यात पुढं आमचे गुरुपादय्या. मठाचे जंगम, आमचे गुरू, आम्ही नुसतं अय्या म्हणतो. मी त्यांच्या पाया पडत आलेली बाई हाय, तरी सांगते. त्यांनी एक दिवस बंडेप्पाला बोलावून लई मायेनं सांगितलं, "बंडेप्पा, तू आता दमलास. बाजूला बसून नुसतं सांग. हलवायचं, वाढायचं पोरं करतील." दमला होता म्हणं! अहो, तवा त्याला चाळिशी लागली होती. दोन पोती एकटा उचलायचा.

तो बाजूला बसला. भिंतीला टेकून. कढईत काय चाललंय ते लांबून बघायचा आन् ओरडायचा, "अरे, खालून हलवा, खालून!" पोरं हसायची. अय्या तीर्थ द्यायचे तर सगळ्यांना तळहाताला चमचा टेकवून द्यायचे, बंडेप्पाच्या हातावर तेवढं वरून टाकायचे. निम्मं सांडायचं. तो सांडलेलं बोटानं टिपून डोळ्याला लावायचा. हे मी बघितलंय. आन् हा घरी येऊन म्हणायचा, "अय्यांचा काय दोष? लोकं ऐकत न्हाईत." ह्याचा मला अय्यांपेक्षा जास्ती राग यायचा.

अशी वर्षं गेली. मंग एका सुगीत कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन रानातून येताना हा मधीच वाटेत खाली बसला. घाम सुटलेला, तोंड पांढरं फटक. म्हणाला, "गुरुबाई, छातीवर कुणीतरी बसल्यावानी व्हायलंय." थोड्या वेळानं उठला, चालला. मंग पुन्हा एकदा झालं, मठाच्या पायऱ्या चढताना. तिसऱ्यांदा झालं तवा मी कुणाला विचारलं न्हाई. बसमधी घातलं आन् हुमनाबादला नरहरराव डॉक्टरकडं नेलं.

नरहरराव म्हणजे म्हातारा माणूस, जाड चष्म्याचा, बोलणं तुटक. त्यांनी काय करावं? सदरा काढायला लावला आन् उघड्या हातानं ह्याचं कोपर धरलं. हातमोजा न्हाई, कागद न्हाई. खपलीवर अंगठा फिरवून बघितला. बंडेप्पा माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. इतक्या वर्षात माझ्याशिवाय त्या कोपराला कुणी शिवलं नव्हतं.

"हा महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "सोरायसिस म्हणतात याला. कुणाचं कुणाला लागत नाही. हे त्वचेचं मलम देतो. पण आता छातीचं सांग. काय होतं?"

ह्यानं सांगितलं. चढ चढला, ओझं उचललं की छाती दाबती, डाव्या हातात कळ येती, बसलं की जाती. डॉक्टरांनी नळी लावून लई वेळ ऐकलं. मंग चष्मा काढून माझ्याकडं वळून बोलले, कारण ह्याचं लक्ष नव्हतं, हा आपला कोपराकडंच बघायलेला.

"बाई, बोट कापलं की रक्त कशानं थांबतं? रक्तात बारीक बारीक कण असतात, प्लेटलेट म्हणतात त्यांना. ते धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि जखमेचं तोंड बुजवतात. चांगलं काम करतात. पण परदेशातल्या काही डॉक्टरांना असं दिसलंय की, हा कातडीचा आजार असलेल्या माणसांत हे कण जरा जास्तच उतावीळ असतात. जखम नसली तरी चिकटायला बघतात. नळीच्या आतच गाठ धरतात. ती गाठ हृदयाच्या नळीत अडकली तर माणूस जातो. अशा रुग्णांत ते प्रमाण जास्त दिसलंय. पक्कं आहे असं मी म्हणणार नाही, अजून शोध चाललाय. पण ह्यांची छाती दुखते आहे, आणि ते पक्कं आहे. सोलापूरला न्या. हृदयाची पट्टी काढतील, मोठा डॉक्टर बघेल. उशीर करू नका."

मी विचारलं, "म्हणजे अंगावरचं आत गेलं का?"

"आत गेलं नाही. वर दिसतं तेवढंच आपण बघतो, आतलं कुणी बघत नाही," ते म्हणाले. रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची दिली, आन् बारक्या गोळ्यांची एक डबी दिली, दुखलं की जिभेखाली धरायची. वर म्हणाले, "ओझं उचलायचं नाही. धगीपुढं उभं राहायचं नाही."

घरी आलो. आन् मी कुठं सांगितलं, तर शरणम्माला! माझंच तोंड. मला वाटलं, लागत न्हाई हे एकदा कळलं की बाई दार तरी उघडंल. तिनं काय केलं? ‘लागत न्हाई’ एवढं सोडून दिलं आन् ‘छाती’ तेवढी उचलली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात झालं: बंडेप्पाचा रोग आत गेला. डॉक्टरच्या मलमानं बाहेरचं दाबलं, मनून तो छातीत शिरला. आता श्वासातून पसरंल. गुरुपादय्यांनी निरोप धाडला की काही दिवस बंडेप्पानं मठात मंडपाखाली बसू नये, बाहेर चिंचेखाली बसावं. म्हणजे भिंतसुद्धा गेली.

त्या दिवशी हा चिंचेखालून उठून घरी आला आन् मलमाची डबी उकिरड्यावर फेकून दिली. मी जाऊन उचलून आणली. मी म्हणाले, "सोलापूरला जाऊ." तर म्हणतो कसा, "कशाला? छाती बरी झाली. गोळीनं उतार पडला. आता त्याचं नाव काढू नको कुणापुढं." मी लाख वेळा विचारलं. लाख वेळा म्हणाला, बरं हाय.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्यात लिंग गळ्यात असतंय. चांदीच्या डबीत इष्टलिंग, दोऱ्यानं छातीवर बांधलेलं. जन्मल्यापासून मरेपर्यंत. पूजेच्या वेळी ते तळहातावर घ्यायचं, आन् एरवी मनात देवाचं नाव आलं की माणसाचा हात आपोआप त्या डबीवर जातो. आमचं म्हातारं कोतारं सगळं असंच. हात छातीवर, डोळे मिटलेले, ओठ हलायलेले. ते बघितलं की आम्ही बोलत न्हाई, हाका मारत न्हाई, वाट सोडतो. नाव घेणाऱ्याला मधी शिवायचं न्हाई, हे लेकरालाबी ठाऊक असतंय.

तर बंडेप्पाचा हात छातीवर जायला लागला. रस्त्यात चालता चालता थांबायचा, हात लिंगाच्या डबीवर घट्ट, डोळे मिटलेले. चिंचेखाली बसलेला असायचा, तसाच. मठाच्या पायऱ्यांवर तर हमखास. लोकं आधी बघायची, मंग बोलायला लागली. "बंडेप्पा बदलला रे." "रोगानं माणूस देवाला लागला." शरणम्मा मला म्हणाली, "अक्का, तुझा नवरा शरण झाला बघ, संतच." मला काय कळंना. घरात तर कधी एवढं नाव घेताना दिसला न्हाई. घरात फक्त मळणीचं ओझं उचलताना नाव घ्यायचा, विहिरीवरून पाणी आणल्यावर घ्यायचा.

आन् श्रावणातल्या एका सोमवारी अय्यांनी भर मठात त्याच्याकडं बोट केलं. "बघा बंडेप्पाकडं. अंग सडलं, पण लिंगाला चिकटून हाय. तुमचा हात खिशावर असतो, ह्याचा लिंगावर. ह्याला बाहेर बसवणारे आपण कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बोललं कोण? ज्यांनी बाहेर बसवलं तेच! आन् तिथल्या तिथं जाहीर केलं की औंदाच्या जत्रेची हुग्गी बंडेप्पा करंल आन् पहिली पळी तोच वाढंल.

तो घरी आला तवा माणूस राहिला नव्हता, पोर झाला होता. जोत्यावर बसून म्हणाला, "गुरुबाई, उलथणं माझंच हाय अजून. माळ्यावर ठेवलं होतं. तेल लाव त्याला." त्याच्या डोळ्यात इतकं काय काय होतं की मी गुमान तेल लावलं.

पण त्याच आठवड्यात मी त्याला धरलं. भाकरीचं पीठ घेऊन गिरणीवरून आला, पाटी खाली ठेवली आन् उंबऱ्यात थांबला. हात छातीवर. मी समोरच होते. कपाळावर घामाचे थेंब, ओठ निळसर. नाव घेणाऱ्या माणसाला घाम कामून येईल हो? मी पुढं होऊन त्याचा हात ओढला. बोटं उघडंनात. उघडली तर लिंगाची डबी बाजूला काखेकडं सरकलेली, आन् हा नुसती छाती दाबून धरलेला. नुसती मोकळी छाती.

"हे नाव हाय?" मी ओरडले. "हे नाव घ्यायलाव तुम्ही?"

"हळू बोल," तो म्हणाला.

"कामून हळू? लोकं शरण म्हणायलेत, आन् तुम्ही मरायलाव! कवापासून चाललंय हे?"

तो खाली बसला. गोळी जिभेखाली धरली, जरा बरं वाटल्यावर बोलला. मी कुणाला फसवलं न्हाई म्हणाला. पहिल्यांदा दुखलं तवा हात आपसूक गेला, लोकांनी नाव समजलं, ह्यानं दुरुस्त केलं न्हाई एवढंच. "छाती म्हणालो तर चिंचेखाली बसवलं, गुरुबाई. नाव म्हणालो तर उलथणं दिलं. मी काय म्हणू, तूच सांग." मंग माझा हात धरून म्हणाला, "जत्रा होऊ दे. एकदा वाढू दे मला. दुसऱ्या दिवशी सोलापूर. लिंगाची शपथ."

मी काय गप बसणारी बाई न्हाई. पदर खोचून तशीच मठात गेले. गुरुपादय्या ओवरीत बसलेले. मी पाया पडले न्हाई. सरळ म्हणाले, "अय्या, बंडेप्पा नाव घेत न्हाई. त्याची छाती दुखती. डॉक्टर म्हणाले सोलापूरला न्या. तो माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल. एक शब्द टाका, त्याला सांगा की जाऊन ये, उलथणं कुठं जात न्हाई."

अय्या हसले. त्या हसण्याला मी मरेपर्यंत माफ करणार न्हाई. म्हणाले, "गुरुबाई, बायकोला नवरा रोजचा असतो, त्याची योग्यता दिसत न्हाई. भक्ती वाढली की छाती भरून येती, घाम येतो, अंग थरथरतं. मोठ्या मोठ्यांना झालंय. तू त्याला खाली ओढू नको."

"तो स्वतः म्हणालाय मला, दुखतंय मनून!"

"तुझ्या भांडणाला कंटाळून म्हणाला असंल," अय्या म्हणाले. "जत्रा जवळ आली. जत्रेनंतर ने खुशाल, मी अडवत न्हाई."

मी तिथंच मठात त्यांना तोंडावर म्हणाले, "तुम्हाला तुमचं बोललेलं खरं करायचंय, माझ्या नवऱ्याचा जीव जाऊ दे." दोघा तिघांनी मला बाहेर काढलं. बाईची जीभ लांब हाय म्हणाले. हाय! अजून लांब असाय पायजे होती.

शहाऐंशी सालची जत्रा. पहाटेपासून चूल पेटलेली, आन् हा धगीपुढं. मी बायकांत भाकरी करायला बसले होते मंडपामागं, पण चुलाण दिसंल अशीच जागा धरली होती. दर थोड्या वेळानं मान वर करून बघायचे. हा आपला खालून हलवायलेला, पोरांना रागं भरायलेला. अंगात पांढरा सदरा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, सगळ्या गावाला कोपर दिसायलेलं आन् कुणी काय म्हणंना. एकदा माझ्याकडं बघून हसला. खरं सांगते, त्या वेळी मलाबी वाटलं, होऊ दे बाई, एवढा दिवस होऊ दे.

पंगत बसली. पहिली पळी त्यानं अय्यांना वाढली. अय्यांनी खाल्ली. मंग पुढं सगळ्यांना वाढत गेला. माझ्यापुढं भाकऱ्यांचा ढीग, तवा तापलेला. आन् मधीच मंडपात एकदम शांत झालं. जत्रेत शांत कधी असतंय का? मंग कुणीतरी हलक्या आवाजात नामस्मरण सुरू केलं, मंग दुसऱ्यानं, मंग सगळे लागले. मला वाटलं अय्या काय बोलायलेत. मी एक भाकरी उलटली. मंग बघितलं तर कढईपुढं कुणी उभं न्हाई.

मी उठले, धावले. माणसांचं गोल रिंगण, सगळे हात जोडून. शरणम्मा पदर पसरून वाकलेली. आन् मधी बंडेप्पा. कढईच्या बाजूच्या खांबाला टेकून मांडी घालून बसलेला, डावा हात छातीवर, डोळे मिटलेले, पळी मांडीवर. अय्या पुढं उभे, हात वर करून सगळ्यांना थोपवायलेत. "शिवू नका. ध्यान लागलंय. कुणी शिवू नका."

मी अय्यांना ढकललं. गुरूला ढकललं, भर जत्रेत, व्हय. बंडेप्पाचा हात धरला. गार. कोपर गार. मी त्याच्या खिशातली गोळी काढून त्याच्या जिभेखाली सारली. तोंडात ओल नव्हती. मी बोंबलले, "गाडी आणा! अरे मुडद्यांनो, गाडी आणा! तुम्ही मेल्याची पूजा करायलाव!" तवा कुठं माणसं हलली. कुणाची तरी जीप होती. हुमनाबाद येईपर्यंत मी त्याची छाती चोळत होते. नरहररावांनी बघितलं, डोळ्याच्या पापण्या वर करून बघितल्या, आन् नळी खाली ठेवली.

"किती वेळ झाला असा बसून?" त्यांनी विचारलं.

जीपवाला म्हणाला, "पंगत अर्धी उठेपर्यंत, साहेब. ध्यानात होते."

डॉक्टर खुर्चीत बसले. त्या माणसानं मला एक शब्द सुनावला न्हाई. सोलापूरचं नावबी काढलं न्हाई. नुसतं ह्याचं कोपर सदऱ्याची बाही खाली ओढून झाकलं.

मंग गाव काय करतंय? आमच्यात माणूस पुरत्यात, बसता ठेवून. शेतात नेऊन ठेवायचं होतं मला, माझ्या सासऱ्याच्या बाजूला. अय्या म्हणाले, न्हाई, हा लिंगध्यानात गेला, ह्याची जागा मठात. माझं कोण ऐकतंय! मठामागं खड्डा खणला, विभूती, बेल, फुलं. त्याला शेवटची आंघोळ घालायला किती जण पुढं आले माहीत हाय? रांग लागली. रांग! कोपरं, गुडघे, सगळं चोळून चोळून धुतलं. जित्या माणसाला तीर्थ वरून टाकणारे, मेलेल्याच्या अंगावरचं पाणी तीर्थ मनून प्याले. मी तिथं दगड उचलला होता. माझ्या दिरानं हात धरला.

आन् आता ही माती. कुठनं निघालं देवाला ठाऊक. बंडेप्पाला कातडीचा रोग होता, मनून त्याची माती कातडीच्या रोगाला. अफजलपूरहून लोकं येत्यात, भालकीहून येत्यात. अय्या तांब्याच्या ताटात माती घेऊन बसत्यात, चिमूट चिमूट देत्यात. अजूनबी वरूनच टाकत्यात. आन् मी पायरीवर. येणाऱ्याला विचारते, छाती दुखती का? चढावर दम लागतोय का? हा रोग लागत न्हाई, डॉक्टरकडं जा, मातीनं काय व्हत न्हाई, ह्याच मातीत माझा माणूस पडलाय. काही जण ऐकत्यात. जास्ती जण मला येडी समजत्यात. अय्यांनी दोनदा मला उठवायला माणसं धाडली. मी म्हणाले, माझ्या नवऱ्याचं घर हाय हे, मला कोण उठवतो बघू.

मागल्या सोमवारी चिंताकीचा एक माणूस आला. संगप्पा नाव सांगितलं. तिशी पस्तिशीचा, दोन बसा बदलून आलेला. कानामागं, मानंवर, दोन्ही हातांवर तसल्याच पांढऱ्या खपल्या. मठाच्या पायऱ्या चढून वर आला आन् शेवटच्या पायरीवर थांबला. हात लिंगाच्या डबीवर. डोळे मिटलेले.

अय्यांनी त्याच्याकडं बघितलं. बाकीच्यांना बोटानं गप केलं. रांगेतली माणसं बाजूला सरकली, त्याला वाट करून दिली. अय्यांचे ओठ उघडले, तेच बोलायला, जे बंडेप्पाला बघून बोलले होते. मला ते तोंड पाठ हाय.

मी उठले. ओरडले न्हाई ह्या वेळी. अय्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"विचारा त्याला," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हाय. मी विचारलं तर त्याला येडी बाई वाटंल. तुम्ही विचारा, अय्या. तुमच्या तोंडानं. तुम्हाला तो खोटं बोलणार न्हाई, जर तुम्ही आधी सांगितलं की त्याला चिंचेखाली बसवणार न्हाई."

अय्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ताटातली माती हातात तशीच. संगप्पानं डोळे उघडले, आम्हा दोघांकडं बघायला लागला. सगळी रांग बघायला लागली.

"संगप्पा," अय्या म्हणाले. "नाव घ्यायलास, का... दुखायलंय? खरं सांग. तुला कुणी बाहेर बसवणार न्हाई."

तो हातातल्या पिशवीची गाठ सोडायला लागला, बांधायला लागला. मंग खालीच बघत म्हणाला, "दुखतंय, अय्या. चढ आला की दुखतंय. घरी सांगितलं न्हाई."

अय्यांनी ताट खाली ठेवलं. उठले. आन् संगप्पाचा हात धरला, खपल्यांचा हात, मनगटावर, घट्ट. "चल," म्हणाले, "हुमनाबादची बस हाय आता. नरहरराव म्हणून डॉक्टर हायेत." आन् त्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले.

रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. शरणम्मा म्हणाली, "अक्का, बघितलीस अय्यांची माया?" माया म्हणं! एवढंसंच तर होतं. एक सवाल विचारायचा, एक हात धरायचा. जत्रेत त्या दिवशी केवढी माणसं होती, आन् माझ्या बंडेप्पासाठी एकाच्यानं एवढं झालं न्हाई.

ते दोघं वेशीपाशी पोचले होते. मी मठाच्या पायरीवरून गळा फाडून ओरडले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"अय्या! वाटंत कुठं डोळे मिटून बसला, तर हात जोडू नका! हलवा त्याला!"